फुंकणीवरची नावं

अन्याय माझ्या मैत्रिणीवर झाला. गेल्या वर्षी गणपती गेले, पितृपंधरवडा लागला, त्यातल्या पहिल्या सोमवारी, दुपारच्या जेवणानंतर, मुंबईतल्या एका विद्यापीठात, एसी चालू असलेल्या खोलीत. समोर चार शिकलेली माणसं बसली होती आणि त्यांनी तिला सांगितलं की तुझं संशोधन बनावट आहे.

हे पत्रक असतं तर तिचं नाव मी पहिल्या ओळीत ठळक टाइपात टाकलं असतं. रोह्याच्या कंपन्यांमधल्या कंत्राटी कामगारांसाठी मी पत्रकं लिहिते, गेटवर उभी राहून वाटते, नाव घ्यायला मला भीती वाटत नाही. पण इथे कुणाचंच नाव टाकणार नाही, माझ्या आईबापाचंही नाही. ही अट तिची आहे. का घातली ते वाचताना कळेल.

मी बाहेर बाकावर बसले होते. दार नीट लागत नव्हतं म्हणून अर्धंमुर्धं ऐकू येत होतं. एक बाई म्हणाल्या, "ही सगळी कार्डं एकाच हातानं भरलेली आहेत. पेनसुद्धा एकच. आकडे सगळ्यांचे सारखे. घरी बसून भरलीस ना?"

आत टेबलावर कार्डं पसरल्याचा आवाज आला.

मग एक पुरुषाचा आवाज, दमलेला, समजूत काढल्यासारखा. "हे बघ, तुमच्याकडे चालत असेल असं. इथे नाही चालत."

तुमच्याकडे म्हणजे कुठे हो साहेब? पेणला, की नेपाळला? मी उठलेच होते दार ढकलायला. पण ती गप्प होती, आणि तिच्या गप्प बसण्यानंच माझा हात थांबला. ही पोरगी गप्प बसणारी नव्हे. शाळेत गुरुजींनी गणित चुकवलं तर भर वर्गात उठून सांगणारी ही.

बाहेर आली, ओढणी सारखी केली आणि मला म्हणाली, "चल गो, गाडी चुकंल."

ती नेपाळची. अगदी लहान असताना आईबापाबरोबर पेणजवळ आमच्या जोह्याला आली. तिचा बाप गणपतींच्या गोदामावर वॉचमन. माझे आईबाबा ज्या कारखान्यात कामाला, त्याच्या पाठीमागे पत्र्याच्या खोलीत ते राहायचे. कारखाना म्हटलं की चिमणी आणि भोंगा डोळ्यांसमोर आणू नका. आमच्याकडे कारखाना म्हणजे ताडपत्रीची लांबलचक शेड, बाजूला भाताची खाचरं आणि आत ओळीनं उभे पांढरेफटक गणपती. इथे वर्षभर प्लास्टरची धूळ उडते. अंगणातल्या अळूच्या पानावर बसते, चहाच्या कपात बसते.

पेणच्या शाळेत आम्ही एका बाकावर होतो. एसटीनं एकत्र जायचो, एकत्र यायचो. पोरं तिला चिडवायची, "ए चिनी, डब्यात नूडल्स आणल्यास काय?"

"नाय रं," ही म्हणायची, "बोंबलाचं कालवण आणलंय. तुझ्या आईशीनंच शिकवलंय."

आमची बोली ती माझ्यापेक्षा चांगली बोलते. मी भाषणं करून करून बिघडले. ती अजून तशीच बोलते, आणि गावात तिला ओळखायचे "गुरख्याची पोरगी" म्हणून. माझी आई तेवढी "बाय" म्हणायची. गौरी आल्या की आईच्या हाताखाली पहिली तीच, मी नाही. मी तेव्हाही कुठेतरी भांडत असायचे.

डॉक्टर व्हायचं हे तिच्या डोक्यात माझ्या बाबांच्या खोकल्यानं घातलं. बाबा घासकाम करतात. साच्यातून निघालेली कच्ची मूर्ती पॉलिश पेपरनं घासून गुळगुळीत करायची. सगळ्यात जास्त धूळ त्या कामात. पत्र्याच्या भिंतीपलीकडून तो खोकला तिच्या अभ्यासात रोज यायचा. एकदा ती सरळ येऊन उभी राहिली. "काका, तोंडाला फडका का नाय बांधत तुमी?"

"फडका बांधला तं तंबाखू कुठून टाकू?" बाबा म्हणाले. सगळी शेड हसली. तीही हसली. पण दुसऱ्या दिवशी स्वतःच्या जुन्या शाळेच्या शर्टाचे फडके कापून घेऊन आली. बाबांनी ते मूर्ती पुसायला वापरले.

बारावीला तिला उत्तम मार्क पडले. डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेतही पडले. पण आपल्या राज्यातल्या सरकारी जागेला नागरिकत्व लागतं, आणि तिचे कागद नेपाळचे. पेणच्या शाळेत मराठीतून शिकली, पेणच्या दवाखान्यात लसी टोचून घेतल्या, पेणच्या पाण्यानं कावीळ झाली, पण जागा मागायला गेली तर परदेशी. खिडकीतला माणूस कागद परत देताना म्हणाला, "मराठी किती छान बोलता हो तुम्ही!" मी तिथेच त्याच्याशी भांडले. तिनं मला दंडाला धरून बाहेर काढलं.

मग तिनं आडवाट धरली. पनवेलला बीएस्सी केलं, आणि पुढे मुंबईच्या विद्यापीठात वैद्यकीय संशोधनाच्या पदवीला प्रवेश मिळवला. तिथल्या तिच्या मार्गदर्शक बाई चांगल्या होत्या. त्यांनीच दाखवलं की बाहेरच्या एका देशात डॉक्टरकी आणि संशोधन एकत्र शिकायची जागा मिळते, शिष्यवृत्तीसह. तिनं अर्ज केला. जागा मिळाली. एकच अट होती, इथलं संशोधन मंजूर झालेलं पाहिजे. ते झालं की ती डॉक्टर होणार. नाही झालं तर काहीच नाही. हे तिला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं आणि जोह्यातल्या आमच्या शेडमधल्या सगळ्यांना ठाऊक होतं.

शेवटचं वाक्य परत वाचा. सगळ्यांना ठाऊक होतं म्हणूनच सगळं बिघडलं.

विषय तिनं निवडला तो माझ्या बाबांचाच. गणपतीच्या कारखान्यात काम करणाऱ्यांच्या छातीवर धुळीचा काय परिणाम होतो. एव्हाना तिच्या बापाला रोह्याच्या एका कंपनीच्या गेटवर नोकरी लागली होती आणि घरही तिकडे गेलं होतं. रोह्याहून सकाळच्या गाडीनं यायची, हमरापूरला उतरायची, तिथून रिक्षानं नाहीतर चालत जोह्याला. एके दिवशी पाठीवरच्या पिशवीतून प्लास्टिकच्या छोट्या नळ्या काढून तिनं शेडच्या जमिनीवर मांडल्या. प्रत्येक नळीवर एक पट्टी, पट्टीवर आकडे आणि एक काटा. तोंड लावून जोरात फुंकलं की काटा पुढे सरकतो. छाती जेवढी चांगली तेवढा काटा लांब जातो.

"ही तं चुलीची फुंकणी!" आई म्हणाली, आणि तेच नाव पडलं.

प्रत्येकाची फुंकणी वेगळी. पांढरी चिकटपट्टी लावून तिनं त्यावर नावं लिहिली. शिमग्याच्या आधी कामाच्या दिवसांत आणि मग शिमग्याच्या सुट्टीत, रोज सकाळ-दुपार-संध्याकाळ प्रत्येकानं आपापली फुंकणी फुंकायची आणि काटा थांबला तिथला ठिपका कार्डावर द्यायचा. कामाच्या दिवसांत छाती कशी आणि सुट्टीत कशी, हे त्यातून दिसणार. कार्डं तिनं स्वतः बघायची नव्हती. लिफाफ्यात बंद करून विद्यापीठात द्यायची, आकडेमोड तिथले दुसरे लोक करणार, म्हणजे तिच्या मनाचा कल त्यात उतरणार नाही. असा नियमच होता. आणि नियम पाळायची तिला हौस. परक्या माणसाला नियम पाळावेच लागतात, असं ती म्हणायची, हसत.

फुंकण्या वाटायच्या आधी तिनं सगळ्यांना बसवलं. "नीट ऐका. तुमच्यातला कोण किती फुंकतो, ते शेठला कळणार नाय. सरकारला नाय. पेपरात नाय. कुणाचं नाव कुठं जाणार नाय. मी शब्द देते."

"आणि नापास झालो तं?" सनईवाल्या मामानं विचारलं. हा आमच्या शेडमध्ये साचे भरतो आणि लग्नसराईत खालूबाजात सनई वाजवतो.

"मामा, यात पास-नापास नसतं."

"परीक्षा हाय आणि नापास नाय? असली परीक्षा आमच्या वेळेला नव्हती गो."

पुन्हा सगळे हसले. मामानं गंमत म्हणून एक फुंकणी तोंडाला लावली आणि काटा एका दमात टोकाला नेऊन आपटला. "बघा! मेरिटात आलो!"

मी त्या दिवशी तिथे होते. नंतर नव्हते. रोह्यात आमचा कंत्राटी कामगारांचा झगडा चालू होता, मी दिवसभर गेटवर. शेडमध्ये काय चाललंय ते मला माहीत नव्हतं. तिलाही नाही. आठवड्यातून एकदा ती यायची, आई बंद लिफाफा हातात द्यायची, वर भाकरी-सुकट खायला घालायची.

आता पुन्हा त्या सोमवारावर येते. विद्यापीठातून आम्ही परत निघालो. गाडीत ती खिडकीबाहेर बघत होती. मी बडबडत होते, पत्रक काढू, मोर्चा नेऊ, त्या माणसाला जाब विचारू. मी हमरापूरला उतरले, ती रोह्याला पुढे गेली. घरी आले तेव्हा आई ओसरीवर सुकट निवडत बसली होती. मी चपला काढता काढताच ओरडले की तिला खोटं ठरवलं, म्हणतात सगळी कार्डं एकाच हातची आहेत.

आईनं मान वर केली. "व्हय. माझ्याच हातची."

मला वाटलं तिला प्रश्न कळला नाही.

"मीच भरायचे गो. बाकीच्यांचे हात कसे, कोंबडीनं उकरल्यागत. एवढी शिकतेय ती, तिचं काम साहेबासमोर नीट दिसायला नको?"

माझी आई आखणी करते. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे काढणं. शेडमधला सगळ्यात स्थिर हात तिचा. टिपायचं काम तिच्याकडे येणार हे तसं बरोबरच होतं.

"आणि आकडे?" मी विचारलं. "ते तरी ज्याचे त्याचे ना?"

"आकडे सनईवाल्याचे."

"सगळे?"

"फुंकायचं काम त्याला दिलं होतं."

हे तिनं इतक्या साधेपणानं सांगितलं की मी खाली बसले. आमच्या शेडमध्ये एक माणूस एक गणपती कधीच करत नाही. साचा एक जण भरतो, काथ्या दुसरा लावतो, घासतो तिसरा, अंगाचा रंग मारतो चौथा, डोळे माझी आई. ज्याला जे साधतं ते त्यानं करायचं आणि सगळ्यांचं मिळून एक देव उभा राहतो. पिढ्यान् पिढ्या असंच चाललंय. मग फुंकण्या आल्या. त्यांनी तेही काम वाटून घेतलं. ज्याची छाती चांगली त्यानं फुंकायचं, जिचा हात चांगला तिनं टिपायचं. शिमग्याच्या सुट्टीत सगळ्या फुंकण्या एका पिशवीत घालून मामाच्या घरी पोचवल्या होत्या. तो बिचारा सण सोडून रोज तीन वेळा सगळ्यांच्या नावानं फुंकत बसला. आणि हातचं राखून नाही फुंकलं त्यानं. जीव तोडून फुंकलं.

"पयल्या दिवशी सगळ्यांनी आपापलं फुंकलं ना," आई म्हणाली. "तुझ्या बाबांचा काटा हालला न हालला. मंग खोकत बसले. सगळी हसली. मंग हेच म्हणाले, पोरीला एवढे कमी मार्क द्यायचे? तिचा साहेब काय बोलंल तिला? मंग ठरलं."

तिच्या पदवीसाठी बाबांचा काटा कमीच असायला हवा होता. ती तेच तर दाखवायला निघाली होती. हे मी आईला समजावलं तेव्हा तिनं सुकट निवडायचं थांबवलं. माशी हाकलायचंही तिला सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी रोह्याला धावले. मला आनंद झाला होता, खोटं कशाला सांगू. पुरावा सापडला होता. ती बनावट नव्हती, हे सिद्ध होणार होतं. कंपनीच्या क्वार्टरबाहेर ती दोरीवर कपडे वाळत घालत होती. मी धापा टाकत सगळं सांगितलं.

"ठाव हाय मला," ती म्हणाली.

"काय ठाव हाय?"

"कार्डं टेबलावर पसरली ना त्यांनी, तेव्हाच कळलं. ठिपके बघितले. काकी बुबुळातला ठिपका देते ना, ब्रश टेकवून सरळ वर उचलते, तसेच सगळे. मी लहानपणापासून बघतेय. आणि काटा सगळ्यांचा टोकाला, मामा फुंकतो तसा."

"मग बोलली का नाहीस?"

तिनं बापाचा युनिफॉर्मचा शर्ट झटकला, चिमटा लावला. "काय बोलू? ज्यांची नावं त्यांनी फुंकलं नाय, असं? मग ते म्हणाले असते, बोलवा त्यांना, नाहीतर शेठला फोन लावा. शेठची परवानगी घेऊनच गेले होते मी शेडमध्ये. काकांना परत फुंकायला लावलं असतं. कुणाची छाती किती गेली ते शेठला कळलं असतं. मी शब्द दिला होता गो."

"त्या शब्दापायी स्वतःचा गळा कापून घेणार?"

"पेशंटचं नाव पुढं करून सुटायचं असतं तर मी दुसरं काहीतरी शिकले असते."

"तू डॉक्टर होणार नाहीस आता! कळतंय का तुला?"

"हळू बोल," ती म्हणाली, "बाबा नाइट शिफ्ट करून झोपलाय."

मी पत्रकात शेकडो वेळा लिहिलंय की कामगाराची बाजू घेणारं कुणी नाही. तिथे माझ्यासमोर एक जण उभी होती, ओले कपडे हातात घेऊन, आणि तिची बाजू घ्यायला कुणी नव्हतं.

मी तिच्या मार्गदर्शक बाईंना जाऊन भेटले. नावं घेतली नाहीत, झालं काय ते सांगितलं. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, कार्डावर ज्यांची नावं आहेत ते स्वतः इथे आले, खरं काय ते बोलले आणि आमच्यासमोर आपापलं फुंकलं, तर मी फाइल परत उघडायला लावीन. शेठला यात आणायची गरज नाही, तेही बघेन. पण तुमच्या एकटीच्या सांगण्यावर नाही होणार.

म्हणजे माणसं पाहिजेत. माणसं जमवणं हा माझा धंदाच. मी जोह्यात दारोदार फिरले.

मामा पहिल्या झटक्यात तयार झाला. "मी येतो. मीच फुंकलं सांगतो. पण पोरी, माझं नाव माझ्या एका कार्डावर. बाकीचे बोलले पाहिजेत ना, की आमी नाय फुंकलं."

बाकीचे बोलेनात. एकानं सांगितलं, प्लास्टरबंदीचं आधीच कधी हो, कधी नाय चाललंय, त्यात पेपरात आलं की धुळीनं छाती जाते तर उद्या शेडच बंद पडंल. दुसरा म्हणाला, शेठ म्हणंल घरी बसून औषध खा. हे मला कळतं. त्यांच्या जागी भीती मलाही वाटली असती. पण तिसरा जे बोलला ते मला अजून पचलेलं नाही. "एका बाहेरच्या पोरीपायी सगळ्यांच्या पोटावर पाय?"

बाहेरची! तुझी पोर तापानं फणफणली तेव्हा रिक्षा करून पेणला कुणी नेली? तुझ्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा डोळ्यात थेंब घालायला रोज कोण यायचं? तेव्हा ती "आपली बाय" होती. साक्ष द्यायची वेळ आली आणि एका दिवसात तिला सीमेपलीकडे नेऊन ठेवलंत तुम्ही. त्या एसी खोलीतला साहेब आणि तुम्ही, सांगा मला, काय फरक आहे? तो "तुमच्याकडे" म्हणाला, तुम्ही "बाहेरची" म्हणालात.

शेवटी राहिले बाबा.

"तिथं परत फुंकायला लावतील," ते म्हणाले.

"हो."

"मंग काटा पयल्या दिवशी थांबला तिथंच थांबंल."

"थांबू दे ना बाबा. तेच तर दाखवायचंय."

"तुला दाखवायचंय. मला नाय बघायचंय." आणि त्यांना ढास लागली. आई पाणी घेऊन आली. आयुष्यभर मालकांशी, साहेबांशी भांडायला शिकले. खोकणाऱ्या बापाशी कसं भांडायचं ते मला कुणी शिकवलं नाही.

मग मी पत्रक लिहिलं. नाव कुणाचंच नाही, फक्त हकीकत. छापायच्या आधी तिला वाचून दाखवलं. ऐकून म्हणाली, "सनई वाजवणारा आणि डोळे काढणारी एवढं लिहिलंस, की जोह्यात कोण ओळखणार नाय? फाड ते." मी फाडलं. 

दिवाळी झाली आणि ती गेली. बाहेरच्या देशातली जागा दुसऱ्या कुणाला तरी मिळाली. आईबाप रोह्यातच राहिले, ती एकटी आजोबांच्या गावाला गेली, नेपाळात, जिथे ती लहानपणानंतर दोन-चार वेळाच गेली असेल. तिथे एका औषधाच्या दुकानात बसते. फोनवर सांगत होती, तिथले लोक तिला इंडियन म्हणतात. नेपाळी बोलताना मध्येच "अगं बाई" येतं म्हणे. हे सांगून ती हसली. मला हसता आलं नाही.

ती जायच्या आदल्या दिवशी आई तिला भेटायला रोह्याला गेली होती. मी सोबत होते. आईनं तांदळाच्या भाकऱ्या, सुकटाची चटणी बांधून नेली. दारात दोघी उभ्या राहिल्या. आईनं गाठोडं पुढे केलं. ते घेता घेता ती म्हणाली, "काकी, काकांना सांग, घासायच्या आधी मूर्तीवर ओला फडका फिरवायचा. धूळ कमी उडते. आणि झोपताना डोक्याखाली दोन उशा." आई मान डोलवत राहिली. मग ती वाकून आईच्या पाया पडली. परतीच्या गाडीत आईनं पदर तोंडात कोंबला होता. हमरापूर आलं तरी उठेना. मी हाताला धरून उतरवलं.

मार्गदर्शक बाईंचा शब्द कायम आहे, मी गेल्या महिन्यात विचारलं. फाइल उघडता येईल. ती जागा गेली ती गेली, पण पदवी अजून मिळू शकते, तिच्या नावापुढचा "बनावट" पुसला जाऊ शकतो, आणि मग दुसरीकडे अर्ज करता येतो. आई यायला तयार झाली आहे. ठिपके माझे होते एवढं सांगीन म्हणते. मामा तयार आहेच. या दोघांनी हे छापायला स्वतःहून हो म्हटलं. तिनंही फोनवर परवानगी दिली, एका अटीवर, नाव कुणाचंच नको आणि सक्ती कुणावर नको. बाबांनी छापायला नको म्हटलं नाही, पण येण्याचं अजून बोलत नाहीत. मी त्यांच्यावर सक्ती करणार नाही. विचारणं मात्र सोडणार नाही.

ज्यांच्या नावाची फुंकणी त्या पिशवीत होती, ते सगळे हे वाचतील किंवा कुणाकडून तरी वाचून घेतील. तुम्हाला मी ओळखते, तुम्ही मला ओळखता. तुमचं कुणी वाईट केलं नाही, तुम्हीही वाईट करायला गेला नव्हता. पण एक मुलगी तुमची छाती झाकून ठेवायला खोटी ठरली आणि तुम्ही बघत राहिलात. पुढच्या मंगळवारी सकाळच्या गाडीनं मी आईला आणि मामाला घेऊन मुंबईला निघते आहे. हमरापूर स्टेशनावर या. माझ्याबरोबर त्या खोलीत चला, "हे मी फुंकलं नव्हतं" असं तुमच्या तोंडानं सांगा, आणि तुमची स्वतःची फुंकणी तुमच्या स्वतःच्या छातीनं फुंका.